जॉर्ज मॅलरी : वाटेचा शोध

जॉर्ज मॅलरी यांचे नाव घेतले की सामान्यतः दोन गोष्टी आठवतात. एव्हरेस्ट कशासाठी चढायचे, या प्रश्नाला त्यांनी दिलेले म्हणून प्रसिद्ध असलेले चिमुकले उत्तर ही एक, आणि १९२४ साली शिखराच्या अगदी जवळ त्यांचे नाहीसे होणे ही दुसरी. त्यांच्या हयातीतले सर्वांत मोलाचे काम मात्र या दोहोंच्या छायेत झाकले गेले आहे. ज्या पर्वताच्या पायथ्याशी तोवर एकही गिर्यारोहक पोहोचला नव्हता, त्या पर्वतावर चढायचे तर कोणत्या बाजूने, हे ठरविण्याचे ते काम होते. प्रस्तुत चरित्रलेखाचा भर त्यावरच आहे.

मॅलरी यांचा जन्म १८ जून १८८६ रोजी इंग्लंडमधील चेशायर परगण्यातील मॉबर्ली या गावी एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. विंचेस्टरच्या शाळेत असताना ग्रॅहम अर्व्हिंग या शिक्षकांनी त्यांना १९०४ मध्ये आल्प्सची ओळख करून दिली. पुढे केंब्रिजच्या मॉडलिन महाविद्यालयात त्यांनी इतिहासाचे शिक्षण घेतले. चरित्र या वाङ्मयप्रकाराच्या अभ्यासकांनी आवर्जून लक्षात ठेवावी अशी बाब म्हणजे, मॅलरी यांचे प्रकाशित पुस्तक पर्वतांविषयी नसून डॉ. जॉन्सनचे चरित्रकार जेम्स बॉस्वेल यांच्याविषयी आहे. ते १९१२ साली प्रसिद्ध झाले. १९१० पासून ते चार्टरहाउस शाळेत शिकवीत होते. कवी रॉबर्ट ग्रेव्ह्ज हे तेथील त्यांचे विद्यार्थी. १९१४ मध्ये रूथ टर्नर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पहिल्या महायुद्धात ते तोफखान्यात होते आणि सोमच्या रणभूमीवरून जिवंत परतले.

तिबेट सरकारने १९२० च्या अखेरीस परवानगी दिल्यावर १९२१ मध्ये पहिली पाहणी मोहीम निघाली. नेपाळ परकीयांना बंद असल्यामुळे दक्षिणेकडून जाण्याचा प्रश्नच नव्हता. दार्जिलिंगहून निघून तिबेटच्या उजाड पठारावरून मोठा वळसा घेत उत्तरेकडून पर्वत गाठावयाचा होता. हिमालयाच्या उंचीचा सर्वाधिक अनुभव असलेले डॉ. अलेक्झांडर केलस वाटेतच, जूनच्या आरंभी, मरण पावले. दुसरे अनुभवी आरोहक हॅरॉल्ड रेबर्न आजारी पडून मागे परतले. परिणामी ही सारी जबाबदारी मॅलरी आणि त्यांचे शाळासोबती गाय बुलक या दोघांवर आली. हिमालय दोघांनाही नवा होता.

आल्प्समधील आरोहकाला नकाशा, वाटाड्या आणि पूर्वसूरींची टिपणे उपलब्ध असत. येथे यांपैकी काहीही नव्हते. त्रिकोणमितीय सर्वेक्षणाने शिखराची उंची मोजली होती, पण ती फार दूरवरून. शिखराच्या पायाशी दऱ्या कशा आहेत, कोणती हिमनदी कोठून निघून कोठे जाते, हे कोणालाच माहीत नव्हते. म्हणून मॅलरींनी पद्धत ठरविली ती अशी : पर्वताभोवतीच्या लहान शिखरांवर आणि खिंडींवर चढावयाचे, प्रत्येक ठिकाणाहून पर्वताची एकेक बाजू न्याहाळावयाची, आणि चढता येण्याजोग्या उतारांची साखळी मनात जुळवावयाची. वाट वरून खाली वाचावी लागते, हे त्यांना लवकरच कळले. शिखरापासून खाली येताना ईशान्य धार, तिच्यापासून फुटलेली उत्तरेची सोंड आणि त्या सोंडेच्या पायथ्याशी सुमारे ७,००० मीटर उंचीवरची उत्तर खिंड, एवढा भाग त्यांना रोंगबुकच्या दरीतून दिसला आणि पसंतही पडला. प्रश्न उरला तो त्या खिंडीवर पोहोचण्याचा. रोंगबुकच्या मुख्य हिमनदीकडून वर जाणारा उतार त्यांना धोक्याचा वाटला. तेव्हा खिंडीच्या पलीकडे, पूर्वेला काय आहे?

या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या अगदी जवळ होते. मुख्य हिमनदीच्या पूर्व काठावर एका अरुंद फटीतून एक ओढा बाहेर पडत होता. एवढ्याशा ओढ्यामागे मोठी दरी असेल असे मॅलरींना वाटले नाही, आणि ते पुढे गेले. प्रत्यक्षात त्या फटीमागे पूर्व रोंगबुक हिमनदी होती, आणि ती वळत वळत थेट उत्तर खिंडीच्या पायथ्याशी जात होती. करंजाडे-पनवेल परिसरातून प्रबळगडाकडे पाहणाऱ्यांना ही चूक समजणे अवघड नाही. प्रबळगड आणि कलावंतीण यांमधली खिंड एका बाजूने स्वच्छ दिसते. पाहण्याची जागा बदलली की ती बुजते आणि दोन्ही मिळून एकच डोंगर भासतो. फरक इतकाच की आपल्याला कोणीतरी सांगणारा असतो.

त्या जुलै महिन्यात आणखीही एक फजिती झाली. कॅमेऱ्यातील काचा उलट्या बसविल्यामुळे अनेक छायाचित्रे वाया गेली आणि त्याच जागी पुन्हा चढून ती घ्यावी लागली. यंत्रांशी मॅलरींचे कधीच जमले नाही. पश्चिमेकडच्या एका खिंडीवरून त्यांनी नेपाळच्या बाजूची हिमाच्छादित दरीही पाहिली. वेल्समध्ये चढाईचे धडे गिरविलेल्या मॅलरींनी तिला वेल्श भाषेतील शब्द वापरून वेस्टर्न कूम असे नाव दिले. कूम म्हणजे वाडग्यासारखी दरी. तिच्या तोंडाशी असलेला फुटका हिमप्रपात पाहून त्यांनी ती बाजू नाकारली. १९५३ मध्ये तेनसिंग आणि हिलरी त्याच बाजूने शिखरावर गेले. तरीही १९२१ मधला निर्णय चुकीचा म्हणता येत नाही, कारण नेपाळचे दार तेव्हा बंदच होते.

यानंतर पथक पूर्वेकडे खार्ता खोऱ्यात गेले. तेथे चोमोलुंग्मा कोठे, असे विचारता स्थानिकांनी दाखविलेल्या दिशेने जाऊन त्यांना वेगळाच अनुभव आला. हे नाव तेथील लोक एव्हरेस्टप्रमाणेच मकालू शिखरालाही लावीत. स्थलनामांच्या अभ्यासकाला यात नवल नाही. पण येथे एका नावाच्या दोन अर्थांनी मोसमातले मोलाचे दिवस खर्ची पडले. त्या भटकंतीत त्यांना पर्वताची प्रचंड पूर्व भिंत दिसली, आणि तिकडून वाट नाही एवढे निश्चित झाले.

अखेर कोडे उलगडले ते ऑलिव्हर व्हीलर या कॅनडाच्या सर्वेक्षकामुळे. छायाचित्रांवरून नकाशा तयार करण्याच्या पद्धतीने काम करीत व्हीलर एकटेच त्या दुर्लक्षित फटीतून आत शिरले होते. त्यांचा कच्चा आराखडा हाती आल्यावर पूर्व रोंगबुक हिमनदीचा खरा विस्तार स्पष्ट झाला. मॅलरींचा कीर्तिगौरव करणाऱ्या लेखनात व्हीलर यांचे नाव अनेकदा गळते, हे चरित्रलेखनाच्या दृष्टीने न्याय्य नाही. सप्टेंबरमध्ये मॅलरी, बुलक आणि व्हीलर भारवाहकांसह ल्हाकपा ला ही सुमारे ६,८०० मीटर उंचीची खिंड ओलांडून गेले आणि २४ तारखेला उत्तर खिंडीवर पोहोचले. वर वाऱ्याने उभे राहू दिले नाही. पण वाट सापडली होती.

१९२२ मध्ये जनरल ब्रूस यांच्या नेतृत्वाखाली मोहीम त्याच वाटेने गेली. मे महिन्यात मॅलरी, नॉर्टन आणि सॉमरव्हेल प्राणवायूच्या नळकांड्यांशिवाय सुमारे ८,२०० मीटरपर्यंत चढले. फिंच आणि जेफ्री ब्रूस प्राणवायू घेऊन त्याहूनही थोडे वर गेले. तेवढ्यावर थांबता आले असते. परंतु तिसऱ्या प्रयत्नासाठी ७ जून रोजी मॅलरी पथकासह उत्तर खिंडीचा उतार पुन्हा चढू लागले. नुकतीच जोरदार बर्फवृष्टी झाली होती. बर्फ टिकेल की नाही याची त्यांनी चाचणी घेतली आणि ते टिकेल असे मानले. उतार सुटला. सात भारवाहक मृत्युमुखी पडले. इंग्रज आरोहकांपैकी एकही गेला नाही. दोष आपलाच, ही जाणीव मॅलरींना पुढे सोडून गेली नाही. वाट निवडणाराच्या चुकीची किंमत वाट निवडण्यात ज्यांना मत नव्हते अशांनी मोजली, ही या इतिहासातील बोचणारी वस्तुस्थिती आहे आणि वीरगाथेच्या ओघात ती पुसट होऊ देता कामा नये.

१९२३ मध्ये अमेरिकेतील व्याख्यानदौऱ्यानंतर मॅलरींना केंब्रिज विद्यापीठाच्या बहिःशाल शिक्षण मंडळात नोकरी मिळाली. नोकरी-धंदा सांभाळून शिकणाऱ्या प्रौढांना इतिहास शिकविण्याचे हे काम होते, आणि ते त्यांना मनापासून आवडले. आपल्या मुक्त विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना हा शिक्षक परका वाटू नये. घरी तीन लहान मुले होती. तरीही १९२४ चे निमंत्रण त्यांनी स्वीकारले आणि लिव्हरपूलहून निघालेल्या जहाजाने ते मुंबई बंदरात उतरले.

या वेळी आखणीत त्यांचा मोठा वाटा होता. प्राणवायू वापरणारी एक जोडी व न वापरणारी दुसरी जोडी, अशा दोन तुकड्यांनी वेगवेगळ्या छावण्यांतून एकाच दिवशी शिखराकडे निघावे आणि गरज पडल्यास एकमेकींना आधार द्यावा, अशी ती योजना होती. कागदावर ती सुरेख होती. हवामानाने आणि थकलेल्या भारवाहकांनी ती मोडीत काढली. ४ जून रोजी नॉर्टन धारेखालून आडवे जात, मोठ्या घळीच्या वाटेने, प्राणवायूविना सुमारे ८,५७० मीटरपर्यंत गेले. मॅलरींचा विश्वास मात्र धारेवर होता. ८ जून रोजी ते बावीस वर्षांच्या अँड्रू अर्व्हिन यांच्यासह निघाले. दुपारी एकच्या सुमारास ढग क्षणभर फाटले तेव्हा नोएल ओडेल यांना धारेवर दोन ठिपके सरकताना दिसले. पुन्हा ढग आले.

१ मे १९९९ रोजी मॅलरींचा देह उत्तर बाजूस सुमारे ८,१५० मीटर उंचीवर सापडला. कमरेला तुटका दोर होता आणि काळा चष्मा खिशात होता. त्यावरून ते अंधार पडल्यावर उतरत असावेत असा तर्क केला जातो. अर्व्हिन यांच्या पायाचा अवशेष २०२४ मध्ये खालच्या हिमनदीवर मिळाला. कॅमेरा अद्याप मिळालेला नाही. तिबेटच्या बाजूने शिखरावर जाणारे आरोहक आजही त्या अरुंद फटीतून आत शिरतात, पूर्व रोंगबुक हिमनदीवरून उत्तर खिंड गाठतात आणि तेथून सोंडेने ईशान्य धारेवर चढतात.