आझाद बिलग्रामी (रह.) : पायी निघालेला हजयात्री

हजच्या यादीत नाव न लागल्याने आपल्या घरी कुणी खिन्न असेल, तर खुलताबादेत चिरविश्रांती घेत असलेल्या मीर गुलाम अली आझाद बिलग्रामी (रह.) यांचे चरित्र त्यांना अवश्य सांगा.

अवधमधील बिलग्राम येथे इ. स. १७०४ मध्ये त्यांचा जन्म झाला. हिजरी ११५० मध्ये आप्तेष्टांना न कळवता ते पायीच हजला निघाले. सुरत बंदराला तेव्हा मक्केचे द्वार म्हणत. वाटेत माळव्यात निजामुल्मुल्क आसफजाह यांनी त्यांना साहाय्य केले. सुरतेहून गलबताने ते मक्केस पोहोचले, तोवर मुहर्रम उजाडला होता. त्या वर्षीचा हज होऊन गेला होता.

एवढ्या पायपिटीनंतर हज हुकला! तरीही ते परतले नाहीत. मदीनेत शेख मुहम्मद हयात सिंधी (रह.) यांच्याकडे त्यांनी सहीह बुखारीचे अध्ययन केले आणि हिजरी ११५१ च्या अखेरीस हज अदा केला. पुढे ते औरंगाबादेत पाणचक्कीच्या तकियात राहिले. दरबारी पदापासून दूर राहून त्यांनी अरबी-फारसीत विपुल ग्रंथरचना केली. १७८६ मध्ये ते अल्लाहला प्रिय झाले.

आज आमच्या एकलहऱ्याहून निघालेला हाजी मुंबईहून विमानाने काही तासांत जिद्द्याला उतरतो. वाट सोपी झाली, प्रतीक्षा मात्र आजही आहे. ती वाया जाऊ देऊ नका. तेवढ्या काळात कुटुंबासह कुरआन व हदीस समजून घ्या. अल्लाह आपणा सर्वांना मक्बूल हज नसीब करो. आमीन.