विश्लेषण : १९ व्या वर्षी फ्रान्सच्या आकाशात प्राण गमावणारा भारतीय वैमानिक… कोण होते इंद्रलाल रॉय?

उत्तर फ्रान्समधील एस्तव्हेल या छोट्या गावातील दफनभूमीत एका कबरीवर बंगाली अक्षरे कोरलेली आहेत. ही कबर आहे सेकंड लेफ्टनंट इंद्रलाल रॉय यांची. कोलकात्यात जन्मलेले, लंडनमध्ये वाढलेले आणि ब्रिटिश हवाई दलाच्या गणवेशात २२ जुलै १९१८ रोजी धारातीर्थी पडलेले रॉय हे भारताचे पहिले ‘फ्लाइंग एस’ मानले जातात. त्यांच्या हातात लढायला जेमतेम महिनाभरच होता.

लंडनला कसे पोहोचले?

इंद्रलाल यांचा जन्म २ डिसेंबर १८९८ चा. कुटुंब मूळचे आताच्या बांगलादेशातील बारिसालचे. वडील प्यारेलाल रॉय कोलकात्यात बॅरिस्टर होते. मुलांना चांगले शिक्षण मिळावे म्हणून आई ललिता मुलांसह लंडनला स्थायिक झाल्या. इंद्रलाल तेथील सेंट पॉल्स शाळेत शिकले. पहिले महायुद्ध सुरू झाले, तेव्हा ते शाळेतच होते.

हवाई दलात प्रवेश कसा मिळाला?

ब्रिटिश लष्कराच्या लढाऊ तुकड्यांमध्ये भारतीयांना गोऱ्या अधिकाऱ्यांच्या बरोबरीचे पद मिळणे तेव्हा जवळपास अशक्य होते. मात्र युद्धात वैमानिक झपाट्याने मारले जात होते आणि रॉयल फ्लाइंग कोअरला नव्या तरुणांची गरज होती. दृष्टी कमकुवत असल्याचे सांगून रॉय यांना आधी नाकारण्यात आले. तेव्हा त्यांनी मोटारसायकल विकून नामांकित नेत्रतज्ज्ञाकडून पुन्हा तपासणी करून घेतली आणि निर्णय बदलायला लावला, असे सांगितले जाते. एप्रिल १९१७ मध्ये ते भरती झाले आणि ५ जुलैला त्यांना अधिकारीपद मिळाले. तेव्हा त्यांचे वय १८ होते.

पहिल्या अपघातात काय झाले?

ऑक्टोबर १९१७ अखेरीस ते फ्रान्समधील ५६ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनमध्ये दाखल झाले. ६ डिसेंबरला त्यांचे ‘एसई-५ए’ विमान कोसळले. त्यांना मृत समजून शवागारात ठेवण्यात आले आणि शुद्धीवर आल्यावर त्यांनी दार ठोठावले, अशी कथा प्रसिद्ध आहे. कथेचा तपशील बाजूला ठेवला तरी दुखापत गंभीर होती, हे खरे. उड्डाणासाठी त्यांना अपात्र ठरवण्यात आले. उपचारांच्या काळात ते विमानांची रेखाचित्रे काढत होते आणि त्यातली बरीच आजही जपलेली आहेत. घरी परतण्याचा मार्ग त्यांना मोकळा होता. त्यांनी मात्र पुन्हा उडण्याची परवानगी मिळवली.

दोन आठवड्यांत १० विजय कसे?

१९ जून १९१८ रोजी ते ४० क्रमांकाच्या स्क्वॉड्रनमध्ये रुजू झाले. येथे कॅप्टन जॉर्ज मॅकेलरॉय या अनुभवी वैमानिकाच्या हाताखाली ते तयार झाले. ‘एसई-५ए’ हे लाकडी सांगाड्याचे, कापडाने मढवलेले एकआसनी विमान होते. वेग ताशी सुमारे २२० किलोमीटर, सोबत दोन मशीनगन. ब्रिटिश वैमानिकांना पॅराशूट दिले जात नव्हते. विमानाने पेट घेतला, तर सुटकेची फारशी आशा नसे.

६ ते १९ जुलै या काळात रॉय यांच्या नावावर १० विजय नोंदवले गेले. त्यातले दोन सहकाऱ्यांसोबतचे होते. ८ जुलै या एकाच दिवशी त्यांनी तीन विजय मिळवले. पाच किंवा त्याहून अधिक विजय मिळवणाऱ्याला ‘एस’ म्हटले जाते. शत्रूचे विमान नष्ट करणे किंवा नियंत्रण सुटून ते खाली जायला लावणे, हे दोन्ही तेव्हा विजय म्हणून मोजले जाई.

मृत्यू कसा झाला?

शेवटच्या विजयानंतर तीनच दिवसांनी, २२ जुलैला, कार्व्हां गावाजवळ जर्मन ‘फोकर डी-७’ विमानांशी झालेल्या चकमकीत रॉय यांचे विमान पाडले गेले. विसावा वाढदिवस साडेचार महिन्यांवर होता. नऊ दिवसांनी मॅकेलरॉय हेही मारले गेले. सप्टेंबरमध्ये रॉय यांना डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस जाहीर झाला. हे पदक मिळवणारे ते पहिले भारतीय, पण ते स्वीकारायला ते हयात नव्हते.

ते एकटेच होते का?

नाही. रॉय यांच्यासह चार भारतीय तरुण त्या युद्धात वैमानिक म्हणून लढले. हरदितसिंग मलिक बचावले, एरॉल सेन युद्धकैदी झाले. मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर यांचे विमान जून १९१८ च्या अखेरीस पाडले गेले आणि जर्मनांच्या ताब्यात असतानाच त्यांचा मृत्यू झाला.

आज त्यांची आठवण का?

भारतीय हवाई दलाची स्थापना १९३२ ची, म्हणजे रॉय यांच्या मृत्यूनंतर १४ वर्षांनी झाली. त्या दलाच्या पहिल्या तुकडीतील वैमानिक सुब्रतो मुखर्जी हे नात्याने रॉय यांचे भाचे. पुढे १९५४ मध्ये तेच हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. कोलकात्यातील भवानीपूरमध्ये आज इंद्र रॉय रोड आहे. १९९८ मध्ये जन्मशताब्दीनिमित्त टपाल खात्याने रॉय यांच्यावर तिकीट काढले. ज्या देशाचे तेव्हा स्वतःचे हवाई दलच नव्हते, तो देश आज आपल्या पहिल्या ‘एस’च्या जागी त्यांचेच नाव घेतो.