हवाई दलाचे सुब्रोतो मुखर्जी

शाळकरी मुलांची सुब्रोतो चषक फुटबॉल स्पर्धा ज्यांच्या नावाने भरते, त्या थोर पुरुषाची ही थोडक्यात ओळख.

सुब्रोतो मुखर्जींचा जन्म ५ मार्च १९११ रोजी कलकत्त्यास झाला. विलायतेत क्रॅनवेल येथे विमानविद्या शिकून १९३२ साली ते हवाई दलात अधिकारी झाले. साहेबाच्या अमदानीत स्क्वाड्रनचे नेतृत्व मिळालेले ते पहिले भारतीय. १ एप्रिल १९५४ रोजी तर ते साऱ्या हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. एवढ्या मोठ्या पदावरही फुटबॉलचे वेड काही सुटले नाही. खेळाडू शाळेतच घडला पाहिजे, हा त्यांचा ध्यास. त्यातूनच १९६० साली ही स्पर्धा सुरू झाली.

त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला टोकियोत जेवताना घास श्वासनलिकेत अडकला आणि अवघ्या ४९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. आकाशाला न भ्यालेला माणूस एका घासाने गेला!

त्यांच्या पत्नी शारदाबाई माहेरच्या पंडित, मराठी घरातल्या. दुःख उराशी ठेवून त्या उभ्या राहिल्या, १९६२ व १९६७ साली रत्नागिरीतून लोकसभेवर निवडून आल्या. पुढे आंध्र व गुजरातच्या राज्यपालही झाल्या. सुब्रोतोंच्या चषकासाठी मुले आजही धावतात. कर्त्या माणसाचे काम असे मागे उरते.