मुखोद्गत राहिलेला कवि : ओसिप मांडेलश्टाम

कविता पाठ करावयास सांगितली म्हणजे पुष्कळ विद्यार्थ्यांच्या कपाळास आंठ्या पडतात. पुस्तक हाताशीं असतां पाठांतराचा खटाटोप कशास, असें त्यांस वाटतें. ज्या देशांत एकेकाळीं कागदावरची कविता हाच गुन्ह्याचा पुरावा ठरत असे, तेथील एका कवीची ही हकीकत त्यांनीं अवश्य वाचावी.

ओसिप मांडेलश्टाम याचा जन्म १८९१ सालीं वॉर्सा येथें एका यहुदी कुटुंबांत झाला. वॉर्सा तेव्हां रशियन साम्राज्यांत मोडत असे. बाप चामड्याचा व्यापारी होता. बालपण सेंट पीटर्सबर्गमध्यें गेलें, व १९१३ सालीं 'पाषाण' हा त्याचा पहिला काव्यसंग्रह निघाला. १९१७ ची राज्यक्रांति होऊन गेल्यावर, १९२२ सालीं, त्यानें नादेझ्दा हिच्याशीं विवाह केला. या नांवाचा रशियन भाषेंत अर्थ आशा असा आहे.

१९३३ च्या नोव्हेंबरांत त्यानें स्टॅलिनवर सोळा ओळींची झोंबणारी कविता रचली. ती त्यानें लिहून ठेविली नाहीं. विश्वासांतल्या मोजक्या मंडळींस तेवढी म्हणून दाखविली. तरीहि कोणीं तरी चहाडी केलीच. मे १९३४ मध्यें रात्रीं पोलीस आले. चौकशींत त्यानें ती कविता स्वहस्तें लिहून दिली, आणि ज्यांनीं ती ऐकली होती त्यांचीं नांवेंहि सांगितलीं. पुढें १९३७ सालीं जीव वांचविण्याच्या आशेनें त्यानें स्टॅलिनचें स्तुतिस्तोत्रहि रचलें. हें झांकून ठेवण्याचें कारण नाहीं. तो मुळांत भित्र्या प्रकृतीचा मनुष्य होता, व म्हणूनच त्या सोळा ओळींचें मोल मला अधिक वाटतें.

शिक्षा तीन वर्षांच्या हद्दपारीची झाली. चेर्दिन येथें भ्रमिष्टावस्थेंत त्यानें इस्पितळाच्या खिडकींतून उडी टाकली. मग त्यास व्होरोनेझ येथें राहण्याची मुभा मिळाली. नादेझ्दा सदैव बरोबर होती. तो तोंडानें सांगे व ती उतरून घेई. १९३८ च्या मे महिन्यांत त्यास पुन्हां पकडून पांच वर्षांची शिक्षा दिली. त्याच वर्षीं २७ डिसेंबर रोजीं व्लादिवोस्तोकजवळच्या छावणींत त्याचा अंत झाला. वय अवघें सत्तेचाळीस. तिनें पाठविलेलें पार्सल परत आलें, तेव्हां तिला काय झालें तें कळलें.

त्याच्या अटकेनंतर ती स्त्रुनिनो येथील कापडगिरणींत रात्रपाळीस राहिली होती. यंत्रांमधून फिरतां फिरतां ती पतीच्या कविता पुटपुटत असे, कारण हस्तलिखितें केव्हां जप्त होतील याचा नेम नव्हता. पुढें गांवोगांवीं इंग्रजी शिकवून तिनें पोट भरलें. कांहीं कागद स्नेह्यांनीं जिवावर उदार होऊन लपविले. बाकी सारें तिच्या स्मरणांत राहिलें, तें वीस वर्षांहून अधिक काळ.

१९७० सालीं तिच्या आठवणी न्यूयॉर्क येथें छापल्या गेल्या. १९७३ सालीं लेनिनग्राडला त्याचा निवडक संग्रह निघाला. त्यांत ती स्टॅलिनवरील कविता अर्थातच नव्हती. १९८० च्या डिसेंबरांत नादेझ्दा वारली. १९३४ च्या त्या खटल्यांतून कवीस सरकारनें निर्दोष ठरविलें तें १९८७ सालीं.