मुळीची परीक्षा घेणारे डॉक्टर

घरात कुणाला फिट आली की कांदा हुंगवा, चप्पल हुंगवा, अमकी मुळी उगाळून द्या, असे सांगणारे शेजारी आपल्या घाटकोपर-मुलुंडलाही भेटतात. फिट बहुधा दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते आणि श्रेय चपलेला मिळते! औषधाचा गुण ओळखणे इतके फसवे असते.

ज्या परळच्या के.ई.एम. रुग्णालयात उपनगरांतली माणसे आजही लोकलने पेशंट घेऊन जातात, तिथेच एका पारशी डॉक्टरांनी एका मुळीची परीक्षा घेतली. डॉ. रुस्तम जाल वकील त्यांचे नाव. जन्म १९११चा. लंडनला शिकून ते मुंबईत परतले आणि हृदयरोगाकडे वळले.

ती मुळी म्हणजे सर्पगंधा. साप चावो, झोप न येवो, वेड लागो की आकडी येवो, सगळ्यांवर तीच! बिहारात तर तिला ‘पागल की दवा’च म्हणत. वेडावर आणि रक्तदाबावर ती गुणकारी असल्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली कलकत्त्याहून लिहिले होते. बाहेरच्या जगाने त्याची फारशी दखल घेतली नाही.

वकिलांनी ऐकीव कीर्ती बाजूला ठेवली. रक्तदाबाचे ५० रुग्ण निवडले, मोजून गोळ्या दिल्या आणि दाब आधी किती, नंतर किती, हे टिपले. बहुतेकांचा उतरला; ज्यांचा उतरला नाही तेही हिशेबात धरले. १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये हा लेख आला. तो वाचून बोस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांनी तिकडे प्रयोग केले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये मुळीतून रेसर्पिन वेगळे काढले गेले. वकिलांना १९५७ साली अमेरिकेचे लास्कर पारितोषिक आणि १९५८ साली पद्मभूषण मिळाले.

आणि आकडीचे काय? पुढे प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसले ते उलटेच. रेसर्पिन दिल्यावर झटके अधिक सहज येत. पिढ्यान्‌पिढ्या आकडीवर दिलेली मुळी आकडीच्या रुग्णाला धोक्याची ठरू शकत होती. काही रुग्णांना औदासीन्यही येई. नवी औषधे आली आणि रेसर्पिन मागे पडले.

वकील १९७४ साली गेले. फिटच्या रुग्णाच्या घरी डॉक्टर आज एक वही ठेवायला सांगतात: तारीख, वेळ, फिट किती मिनिटे टिकली, आदल्या रात्रीची गोळी चुकली होती का.