सिस्टर फॉस्टिना : मनाईच्या काळात टिकलेली भक्ती

पांढऱ्या झग्यातील येशू ख्रिस्त, आशीर्वादासाठी उंचावलेला उजवा हात आणि छातीतून निघालेले दोन किरण, एक तांबडा तर दुसरा फिकट. मुंबई-वसईतील अनेक कॅथलिक घरांत हे चित्र दिसते. मात्र ज्या पोलिश धर्मभगिनीच्या सांगण्यावरून ते प्रथम काढले गेले, तिच्या लिखाणाच्या व या चित्राच्या प्रसारास व्हॅटिकननेच तब्बल १९ वर्षे मनाई केली होती, हे फारसे कोणास ठाऊक नसते.

हेलेना कोवाल्स्काचा जन्म २५ ऑगस्ट १९०५ रोजी ग्वोगोव्हिएत्स या खेड्यात झाला. पोलंडचा तो भाग तेव्हा रशियन अमलाखाली होता. वडील सुतारकाम आणि थोडी शेती करीत. दहा भावंडांत ही तिसरी. जेमतेम तीन वर्षांचे शिक्षण, मग परक्या घरची धुणीभांडी. मठात जाण्यास आईवडिलांची संमती नव्हती; १९२४ मध्ये ती तशीच वॉर्सॉला निघून गेली. हुंडा नसलेल्या या मोलकरणीला अनेक मठांनी दारातूनच परत पाठविले. एका मठाने तेवढे कपड्यांपुरते पैसे कमावून आणण्यास सांगितले. वर्षभर राबून तिने ते जमविले आणि १ ऑगस्ट १९२५ रोजी मठात प्रवेश केला. फॉस्टिना हे नाव तिला पुढे तेथेच मिळाले.

मठातही वाट्याला आले ते स्वयंपाकघर, बाग आणि फाटकाची राखण. २२ फेब्रुवारी १९३१ रोजी प्लॉत्स्क येथील खोलीत आपल्याला ख्रिस्ताचे दर्शन झाले व त्या रूपाचे चित्र काढून घेण्याची आज्ञा झाली, असे तिने नोंदविले आहे. वरिष्ठांना याचे काय करावे ते कळेना. १९३३ मध्ये तिची बदली तेव्हा पोलंडमध्ये असलेल्या विल्नो (आजचे व्हिल्नियस) शहरी झाली. तेथे पापनिवेदन ऐकणारे धर्मगुरू मिहाऊ सोपोच्को हे विद्यापीठात ईशज्ञानाचे प्राध्यापक होते. भाबडेपणाने विश्वास ठेवणाऱ्यांपैकी ते नव्हते. त्यांनी आधी तिची मनोविकारतज्ज्ञाकडून तपासणी करविली, मगच रोजनिशी लिहिण्यास सांगितले. १९३४ मध्ये चित्रकार काझिमिरोव्स्की यांनी चित्र पूर्ण केले. पाहिलेल्या रूपाची सर त्याला नाही म्हणून फॉस्टिनाला रडू आले. क्षयाने पोखरलेली ही भगिनी ५ ऑक्टोबर १९३८ रोजी क्राकोव्ह येथे निवर्तली. वय अवघे ३३.

वर्षभरात महायुद्ध पेटले आणि निर्वासित, सैनिक व कैदी यांच्याबरोबर दैवी दयेची ही प्रार्थना देशोदेशी गेली. खरी कसोटी पुढे होती. ६ मार्च १९५९ रोजी व्हॅटिकनच्या धर्मसिद्धान्त विभागाने फॉस्टिनाने सांगितलेल्या स्वरूपातील चित्रे व लिखाण यांच्या प्रसारास मनाई केली. अल्पशिक्षित फॉस्टिनाची रोजनिशी सदोष अनुवादातून रोमला पोहोचली होती, असे कारण पुढे सांगितले गेले. तरीही या सावधगिरीला केवळ हटवाद म्हणणे अन्यायाचे होईल. ख्रिस्तसभेच्या परंपरेत खासगी साक्षात्कार हा श्रद्धेचा आधार नव्हे. त्यालाच सभेच्या शिकवणुकीच्या कसोटीस उतरावे लागते.

सोपोच्को यांना हे पुरेपूर ठाऊक होते. म्हणूनच त्यांनी दर्शनांवर भिस्त न ठेवता बायबल, संत ऑगस्टिन व थॉमस अक्वायनस यांच्या ग्रंथांतून देवाच्या दयेची शिकवण मांडली आणि ईस्टरनंतरच्या रविवारी तिचा सण असावा, असा युक्तिवाद केला. मनाईचा भंग न करता ते लिहीत राहिले. १९७५ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा बंदी कायम होती.

बंदी उठविण्याची वाटही नियमांतूनच गेली. क्राकोव्हचे आर्चबिशप कारोल वॉयतिवा यांनी १९६५ मध्ये फॉस्टिनाच्या जीवनाची अधिकृत चौकशी सुरू करविली. तरुणपणी, जर्मन अमलात, ते तिच्या मठाजवळच्याच कारखान्यात मजुरी करीत. आरंभी साशंक असलेले ईशज्ञ इग्नात्सी रुझित्स्की यांनी मूळ रोजनिशीचा बारकाईने अभ्यास केला. १५ एप्रिल १९७८ रोजी मनाई मागे घेण्यात आली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात वॉयतिवा पोप जॉन पॉल दुसरे झाले. त्यांनी ३० एप्रिल २००० रोजी फॉस्टिनाला संत घोषित केले व ईस्टरनंतरचा रविवार दैवी दयेचा रविवार ठरविला. २ एप्रिल २००५ रोजी, याच सणाच्या पूर्वसंध्येस, त्यांनी देह ठेवला. सोपोच्को यांना धन्य घोषित करण्यास मात्र २००८ साल उजाडले.