बिशप निकोलस आणि तीन मुली

नाताळ जवळ आला म्हणजे आमच्या मंडळ्यांतील मुले नाताळबाबाची वाट पाहू लागतात. तांबडा अंगरखा, कापसाची दाढी आणि खांद्यावर खाऊची पिशवी, हे सोंग सर्वांच्या परिचयाचे आहे. परंतु त्या सोंगामागे एका मंडळीचा खराखुरा पाळक आहे, हे थोड्यांसच ठाऊक असते. म्हणून त्याचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत.

बंदिवान म्हणून रोमकडे जाताना पौलाने लुक्या प्रांतातील मुर्या बंदरी तारू बदलले, हे आपण प्रेषितांच्या कृत्यांत वाचतो. हे ठिकाण हल्लीच्या तुर्कस्थानात आहे. तेथील मंडळीचा निकोलस हा चौथ्या शतकात बिशप होता. त्याचा जन्म पातरा गावी सधन ख्रिस्ती घराण्यात झाला व आईबाप लवकर निवर्तल्याने सर्व संपत्ती त्याच्या हाती आली, असे परंपरा सांगते. सन ३०३ मध्ये सुरू झालेल्या छळात त्याने तुरुंगवास सोसला व सन ३२५ च्या निकाया येथील धर्मपरिषदेस तो हजर होता, असेही म्हणतात. मात्र परिषदेच्या सर्व याद्यांत त्याचे नाव आढळत नाही. त्याचे सविस्तर चरित्र कैक शतकांनी लिहिले गेले. सबब इतिहास कोणता व आख्यायिका कोणती, हे पारखूनच घेतले पाहिजे.

त्या आख्यायिकांत एक फार प्रसिद्ध आहे. एका गृहस्थास दारिद्र्य आले. घरी तीन उपवर मुली. हुंड्यास पैसा नाही, म्हणून लग्ने होईनात. अखेर मुलींस वाममार्गास लावण्याचा घोर विचार बापाच्या मनात आला. हे निकोलसाच्या कानी गेले. रात्रीच्या अंधारात त्याने त्या घराच्या खिडकीतून सोन्याच्या नाण्यांची थैली आत टाकली व मुकाट्याने निघून गेला. थोरलीचे लग्न झाले. पुढे तसेच मधलीचे झाले. तिसऱ्या खेपेस बाप जागत बसला होता. त्याने धावत जाऊन दात्यास गाठले व त्याचे पाय धरले. तेव्हा ही गोष्ट कोणास कळवू नये, असे निकोलसाने त्यास बजावले. थैली धुराड्यातून वाळत घातलेल्या मोज्यात पडली, ही भर लोकांनी मागाहून घातली.

६ डिसेंबर हा त्याचा स्मरणदिन होय. सन १०८७ मध्ये इटलीतील बारी येथील खलाशांनी त्याच्या अस्थी आपल्या गावी नेल्या, आणि त्याची कीर्ती पश्चिमेकडे वाढली. हॉलंडात तो सिंटरक्लास झाला, अमेरिकेत सांताक्लॉज. एकोणिसाव्या शतकात बिशपाचा झगा जाऊन त्यास घसरगाडी व सांबरे मिळाली.

आम्ही संतांची आराधना करीत नाही. परंतु चांगला कित्ता गिरविण्यास हरकत नाही. ते तीन मुलींचे घर आपल्यापासून दूर नाही. वडनेरच्या आसपास कापसाचे पीक बुडाले म्हणजे पहिला घोर मुलीच्या लग्नाचा लागतो. सन १९६१ च्या कायद्याने हुंडा बंद झाला, तरी मागणारे तोंड बंद झालेले नाही. निकोलसाने आपले धन वेचून मुली वाचविल्या. आपणांस त्याहून सोपी वाट मोकळी आहे: मुलाच्या बापाने काही मागूच नये. आणि ज्यास देववेल त्याने शेजारच्या गरजू घरी असे द्यावे की, मंडळीत नाव वाचले जाणार नाही. एवढे घडेल तर तांबडा अंगरखा नसला तरी चालेल. ज्याचा जन्मदिवस आपण पाळतो, तो गुप्तपणे पाहणारा आहे.